महाराष्ट्राचं टेबल

हे मी अजून कुणापाशीच बोललेलं नाही. नवऱ्यापाशीही नाही. तो म्हणाला असता, "अगं, शाळेचा कार्यक्रम तो, एवढं काय?" आणि मला ते पटलं असतं — म्हणूनच नाही.

बेरीवान इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची. तिची रोजीन आणि माझा ईशान एकाच वर्गात. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, गाडी चालवायचं नाव काढलं की घाम फुटायचा. बर्फावर गाडी कशी आवरायची ते तिनं मला शिकवलं, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, माझ्या किंकाळ्यांना हसत. मी विचारलं होतं, तू टर्किश ना? ती म्हणाली, "पासपोर्ट टर्किश. मी कुर्दिश." लहानपणी तुर्कस्तानातल्या शाळेत घरच्या भाषेत बोललं की बाई कानशिलात लावायच्या. आजी गोष्ट सांगायची ती खिडक्या लावून. आमची माणसं चार देशांत वाटली गेली आणि आमचा देश नकाशात कुठेच नाही, असं ती सांगायची — आणि मी "अरेरे" म्हणायचे. छान जमतं मला अरेरे म्हणणं.

शाळेत दर वर्षी इंटरनॅशनल नाइट असते. देशोदेशींची टेबलं, खाणं, झेंडे. त्या वर्षी टेबलांचं काम माझ्याकडे होतं. आणि हे सांगायलाच हवं — मी महाराष्ट्राचं वेगळं टेबल मागून घेतलं होतं. इंडियाच्या टेबलावर नेहमी समोसे नि बॉलीवूड, आमच्या पुरणपोळीला कोण विचारतं? असं मी प्रिन्सिपॉल बाईंना तावातावानं सांगितलं. त्या "शुअर" म्हणाल्या. संपलं. एवढंच लागलं.

मग बेरीवाननं विचारलं. कुर्दिस्तानचं एक छोटंसं टेबल मिळेल का? कोपऱ्यात असलं तरी चालेल. रोजीनसाठी ती ड्रेस शिवत होती.

तुम्ही काय केलं असतंत? जाऊ दे, तुमचा काय संबंध. तुर्कस्तानचं टेबल ज्या बाई लावणार होत्या, त्यांचे मिस्टर माझ्या नवऱ्याचे मॅनेजर. आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं. नोकरी गेली की चंबूगबाळं आवरून परत. कुर्दिस्तानची पाटी पाहून त्या बाईंनी खरंच काही मनात धरलं असतं? माहीत नाही — मी त्यांना विचारलंच नाही. प्रिन्सिपॉलनाही नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? विचारतेय असं दाखवायला मधे थोडे दिवस जाऊ दिले आणि बेरीवानला सांगितलं, "शाळा नाही म्हणते. फक्त देशांनाच टेबल देतात."

तिनं वाद घातला नाही. असं ऐकायची सवय असलेली माणसं मान हलवतात, तशी तिनं ती हलवली. वर माझंच सांत्वन केलं — तू प्रयत्न तरी केलास.

मला वाटलं, आता ती येणार नाही. आली. रोजीनच्या अंगावर तो ड्रेस, त्यांच्या कुर्दिश रंगांचा, लाल-पिवळा-हिरवा, कमरेला चकाकणारा पट्टा. मी नऊवारीत, नाकात नथ, 'महाराष्ट्र' लिहिलेल्या मोठ्या पाटीखाली पोळ्या वाढत होते. रोजीननं पाटी वाचली. "इज दॅट अ कंट्री?"

मी तोंड उघडायच्या आत ईशान म्हणाला, "नो, इट्स जस्ट अ स्टेट. लाइक इलिनॉय."

बेरीवाननं माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली — पण त्याहून जास्त भीती वाटली, ही इथेच काही बोलली तर? तिनं रोजीनला जॅकेट घातलं आणि चेन पार गळ्यापर्यंत ओढली. हॉलमध्ये एवढं उकडत होतं.

त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं असतं तर बरं झालं असतं. तिनं सोडलं नाही. बर्फ पडला की अजूनही म्हणायची, गाडी हळू चालव. मी तिच्या दारापाशी थांबायचे — कितीदा! — आणि तशीच वर जायचे. आमचं ग्रीन कार्ड आलं. आता कुणाची भीती नव्हती. मी तिला पेढे नेऊन दिले. तेवढेच दिले.

पुढच्या वर्षी प्रिन्सिपॉल बाई आपणहून म्हणाल्या, त्या कुर्दिश फॅमिलीला टेबल हवंय का, विचारशील? मी खाली गेले. बेरीवान दारात उभी, मागे सोफ्यावर रोजीन.

"नको," बेरीवान म्हणाली. "रोजीनला आता ते आवडत नाही. कुणी विचारलं की ती टर्की सांगते. सोपं पडतं म्हणते."

रोजीननं मान वर केली नाही.

मी "ओके" म्हटलं. ती वेळ होती सगळं सांगायची, आणि मी ओके म्हटलं. दार लागलं. जिना चढताना मला हायसं वाटलं.