बाबांचा ओंकार

काल नवी गवती चटई उलगडली आणि सुक्या गवताच्या त्या वासाबरोबर मी थेट म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या जुन्या योगवर्गात जाऊन पोहोचले. आम्हाला पुण्याहून म्हैसूरला येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अर्धांगवायूने बाबांची वाचा गेली, म्हणून मी त्यांनाही पुण्याहून माझ्याकडे आणलं होतं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेले बाबा आता माणसांसमोर तोंडच उघडत नसत.

एका सकाळी मी त्यांना त्या वर्गाला घेऊन गेले. वर्ग सुरू झाला, सगळे ओंकार म्हणू लागले. बाबा मान खाली घालून बसले. शिकवणाऱ्या सरोजाक्का इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. त्या बाबांपुढे येऊन बसल्या.

"शब्द नको, अप्पा. सुम्ने, नुसता श्वास सोडा, ओठ मिटा. आवाज आपणच येतो."

बाबांनी डोळे मिटले. आधी नुसती हवा आली, मग एक घोगरा, थरथरता "म्…" उमटला आणि लांबत गेला. त्यांनी चमकून स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मला वाटलं, आता ते पूर्वीसारखे बोलतील. तसे ते कधीच बोलले नाहीत. पण त्या सकाळी त्यांची भीती गेली, हे आज कळतं. परतताना रिक्षात त्यांनी माझ्याकडे बघत ओठ मिटले, बराच वेळ तोच सूर घुमवला आणि मला हाक मारली, "म्… मीनू."