आधी आत, शेवटी बाहेर

आर्डिस नीलंडच्या शेडमध्ये टर्की कोंबड्यांऐवजी बोटी राहायला येणार, ही बातमी इल्सबी गावात माझ्या आधी कुणाला कळली असेल, तर मी सारी हयात उगाच टपाल वाटलं म्हणायचं. पाटी अजून रंगवायची होती, तेव्हापासून मला ठाऊक होतं. पोस्टातून निवृत्त झालो तरी गाडी त्याच रस्त्यांनी फिरवायची सवय राहिली आहे, आणि रंगाचा डबा घेऊन अंगणात बसलेल्या बाईला 'काय चाललंय' असं विचारणं हा काही गुन्हा नाही.

"बोटी ठेवणार आहे," आर्डिस म्हणाली. "हिवाळ्यापुरत्या. आणि घरगाड्या."

घरगाडी म्हणजे आत पलंग, चूल, न्हाणीघर सगळं असलेली बसएवढी गाडी. आमच्याकडे घरटी एक बोट आणि दोन घरांमागे एक घरगाडी. उन्हाळ्यात तळ्यावर मजा, आणि नोव्हेंबर आला की सगळा लवाजमा अंगणात निळ्या ताडपत्रीखाली. वर कंबरभर बर्फ, आत उंदरांचं बाळंतपण. मला एवढंच कळेना, की इतकी वर्षं हे कुणाला सुचलं कसं नाही.

आर्डिसचा नवरा लोवेल गेला त्याच वर्षी टर्की बंद झाल्या. शेड लांबलचक, भक्कम, पण तिच्या एकटीची नव्हे. निम्मी लोवेलचा भाऊ ऑर्विलची. ऑर्विलला ती टर्कीवाल्या कंपनीला भाड्याने द्यायची होती. दोघांची बोलणी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी झाली.

"एक हिवाळा करून बघ," ऑर्विल म्हणाला. "पुढच्या पानगळीत लोक परत आले तर शेड तुझी, मी नाव काढणार नाही. नाही आले तर टर्की."

"कबूल," आर्डिस म्हणाली. तिने आयुष्यात टर्की सोडून दुसरं काही सांभाळलं नव्हतं. ही शेड गेली, तर फार्गो शहरात मुलीच्या तळघरात राहायला जाणं एवढंच तिच्यापुढे उरत होतं. मुलगी चांगली आहे, पण तिच्या तळघराला खिडकी नाही.

मग सुरू झाली तयारी. भिंती धुतल्या, चुना मारला, पुन्हा धुतल्या. दार टर्कीच्या मापाचं होतं. टर्कीला घरगाडीएवढी उंची कशाला लागते? सुतार बोलावून दार वर छपरापर्यंत कापून घेतलं. दुसऱ्या टोकाला सगळे पंखे बसवलेले, तिथे दार निघण्यासारखं नव्हतं. म्हणजे शेडला तोंड एकच. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

पहिला आला हार्लन क्विस्ट. शेडच्या दारात उभा राहून त्याने बराच वेळ नाक ओढलं.

"आर्डिस, माझ्या बोटीला टर्कीचा वास लागणार नाही ना?"

"आत्ता तिला माशांचा येतोय, हार्लन. तेवढाच बदल."

भाडं लांबीवर होतं, म्हणून तिने लांबी विचारली. हार्लनने सांगितली. आर्डिसने खिशातून टेप काढला. त्या महिन्यात तिला जे कळलं ते मी तुम्हाला फुकट सांगतो: आमच्याकडचा माणूस माशाची लांबी वाढवून सांगतो आणि बोटीची कमी करून. पाद्रीसुद्धा.

बाकी शिस्त तिने कडक ठेवली. बॅटरी काढून घरी न्यायची. नळांतलं पाणी सोडून न गोठणारं गुलाबी औषध भरायचं. आत खाण्याचा कण नको. शाळेच्या बँडमास्तराची घरगाडी आली तेव्हा ती स्वतः आत शिरली आणि गादीखालून बिस्किटांचा पुडा काढून बाहेर आली. बँडमास्तराची बायको त्याच्याकडे बघत राहिली. त्याला डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, ही बातमी मात्र मी कुणाला सांगितली नाही. दोघांनाच सांगितली.

प्रत्येकाला आत घेताना आर्डिस एक प्रश्न विचारायची: "वसंतात कधी हवी?"

आणि प्रत्येकाचं उत्तर एकच. "अगं, घाई नाही. तुला जमेल तेव्हा."

हार्लन तेच म्हणाला, त्याची बोट गेली पार पंख्यांपाशी. मग बाकीच्यांच्या. आयोन ब्रेके नवऱ्याची बोट घेऊन आली. नवरा उन्हाळ्यात गेला होता. तीही म्हणाली, "तुला जमेल तेव्हा." सगळ्यांत शेवटी, बर्फ पडता पडता, दाराशी बँडमास्तराची घरगाडी. शेड गच्च भरली, आर्डिस खूश, ऑर्विल गप्प.

हिवाळाभर कुणी फिरकलं नाही. पण तळ्यावरचा बर्फ फुटला आणि मला एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. आर्डिसचा रस्ता तिच्या घरापाशी संपतो. पुढे दलदल. तिकडे कुणालाही कामाशिवाय जायचं कारण नाही. तरी रोज दोन-चार गाड्या तिकडे वळायच्या, हळूच जायच्या, हळूच परत यायच्या. कुतूहल हा माझा जुना आजार. एक दिवस मीही मागोमाग गेलो.

आर्डिस पायरीवर बसली होती. "व्हर्गिल, तूही आलास? आज माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायला आलेला तू चौथा. मला वाटतं, मी मरायला टेकलेय आणि मलाच कुणी सांगत नाहीये."

"काय म्हणतात सगळे?"

"हवेबद्दल बोलतात. कॉफी पितात. शेडकडे बघतात. 'बरंय मग' म्हणतात, आणखी अर्धा तास बोलतात आणि जातात."

"बोटीबद्दल?"

"चकार शब्द नाही."

आम्ही कॉफीला आत गेलो, तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पुढचा शनिवार वॉलाय माशाचा. हिवाळाभर बंद असलेली मासेमारी त्या दिवशी खुली होते, आणि आमच्याकडचा माणूस त्या दिवशी सकाळी तळ्यावर नसेल, तर दवाखान्यात किंवा जमिनीखाली असतो.

"आर्डिस, तू त्यांना कितीदा विचारलंस, कधी हवी म्हणून?"

"एकदा."

"आणि कॉफी कितीदा विचारतेस?"

तिने किटली खाली ठेवली. आमच्याकडे कॉफी एकदा विचारली तर माणूस 'नको नको' म्हणतो. दुसऱ्यांदा विचारली तर 'त्रास नको घेऊस'. तिसऱ्यांदा विचारल्यावर 'अर्धा कप, केलीच असेल तर', आणि मग तीन कप पितो. हे आईच्या दुधातून येतं. आर्डिसला हे कळत नव्हतं असं नाही. पण पाहुणचारात तीनदा विचारायचं असतं. धंद्यात पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याचा शब्द खोटा पाडणं, असं तिला वाटलं. आणि त्यांना वाटलं, ती विचारेलच अजून. दोन्हीकडची सभ्यता समोरासमोर बसून राहिली होती.

"अरे देवा," आर्डिस हळूच म्हणाली. "हार्लन सगळ्यात आत आहे."

तिने फोन उचलला; त्यातला आवाज खोलीभर ऐकू येतो. मी उठून जायला हवं होतं. गेलो नाही.

"हार्लन, बोट कधी हवी?"

"माझं काय एवढं. तू बाकीच्यांचं बघ."

"नक्की?"

"म्हणजे, तुझी गैरसोय होत असेल तर राहू दे."

"हार्लन, तिसऱ्यांदा विचारतेय."

पलीकडे हार्लन खाकरला. मग बारीक आवाज आला. "शुक्रवारी मिळाली तर वाईट नाही."

'वाईट नाही' याचा अर्थ आमच्याकडे 'मिळाली नाही तर जीव देईन' असा होतो. तिने एकेकाला फोन लावला. सगळ्यांनाच शुक्रवार वाईट नव्हता.

फक्त आयोन ब्रेके निराळी निघाली. दोनदा ती म्हणाली, जमेल तेव्हा. तिसऱ्यांदा म्हणाली, "आर्डिस, खरं सांगू? मला ती नकोच आहे बाहेर. अंगणात दिसली की वाटतं, तो आता येईल आणि माशांची बादली शोधेल. विकवतही नाही. तुझ्याकडे राहिली तर चालेल?"

"चालेल," आर्डिस म्हणाली. मी आपला कॅलेंडरकडेच बघत बसलो.

आता खरी पंचाईत पुढे. हार्लनची बोट काढायची तर आधी सगळं अंगणात काढायला हवं, आणि मे महिन्यात आमचं अंगण म्हणजे खीर. घरगाडी बाहेर आली की चाकं जाणार आत. फक्त पहाटे जमीन गोठून तासभर कडक राहते. तेवढ्यात जमेल तेवढं ओढायचं, असं तिने ठरवलं. पण ओढायला ट्रॅक्टर हवा, आणि ट्रॅक्टर होता ऑर्विलचा.

तिने त्याला बोलावलं नाही. कुठल्या तोंडाने बोलावणार? पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो ट्रॅक्टर घेऊन हजर.

"टर्की बऱ्या," साखळी अडकवता अडकवता तो म्हणाला. "टर्की 'जमेल तेव्हा' म्हणत नाहीत."

"तू आलास कशाला मग?"

"चिखलात अडकलेलं बघवत नाही."

असं तो रोज आला, रोज कुरकुरला आणि रोज ओढत राहिला. शुक्रवारी पहाटे हार्लनची बोट बाहेर निघाली. हार्लनने ती चारी बाजूंनी हुंगली. "बरी राहिली," म्हणाला. आमच्याकडे याहून मोठं कौतुक लग्नातही होत नाही.

मला वाटलं, झालं, जिंकली. पण लोक त्या आठवड्यात एक गोष्ट शिकले होते: जो आधी आत जातो, तो शेवटी बाहेर येतो. सप्टेंबर सरला, पानं पिवळी होऊन गळली, आणि आर्डिसची शेड रिकामी. आयोनची बोट तेवढी दाराजवळ. गावात ज्याला विचारावं तो म्हणायचा, "जाणार तर आर्डिसकडेच. पण आधी दुसऱ्यांना जाऊ दे." काय मोठं मन.

ऑर्विलने दोन आठवडे बघितलं. मग टर्की कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो शनिवारी येणार, हे मला पेट्रोलपंपावर कळलं आणि मी ते आर्डिसला सांगायला गेलो, तर आयोन आधीच तिथे उभी होती.

"माझी अशी दारात का ठेवलीयस?" ती विचारत होती. "मला कुठे काढायचीय. घाल की पार आत."

आर्डिस तिच्याकडे बघत राहिली, मग शेडकडे. दोघींनी मिळून, आणि थोडा मीही हात लावला, ती बोट पंख्यांपाशी नेली. आयोनने ताडपत्रीची दोरी स्वतःच्या हाताने घट्ट केली.

मी तिथून निघालो तो थेट कॅफेत गेलो. तिथे फक्त एवढंच म्हणालो, की सगळ्यांत आतली जागा गेली. दुसऱ्याची झाली. आता कुणालाच पहिलं व्हावं लागणार नाही. हार्लनने कप अर्धाच ठेवला आणि उठला.

शनिवारी टर्कीवाला आला तेव्हा रस्त्यावर बोटींची रांग दलदलीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत. आर्डिस टोपी घालून एकेकाला आत घेत होती आणि प्रत्येकाला तारीख तीनदा विचारत होती. लोक तिसऱ्या वेळेला इतके पटकन उत्तर द्यायचे, की जणू दिवसभर तोंडात धरून होते.

ऑर्विल कुंपणापाशी उभा राहून बघत होता. टर्कीवाला म्हणाला, "मग, शेड बघायची ना?"

"नाही," ऑर्विल म्हणाला. "ती माझी नाही."

टर्कीवाल्याला परत फिरायचं होतं, पण रांगेमुळे गाडी वळेना. आर्डिसने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, रूबार्बच्या आंबटगोड देठांच्या वड्या पुढे ठेवल्या. रांग सरेपर्यंत तो तिथेच होता. जाताना म्हणाला, त्याच्याकडेही एक छोटी घरगाडी आहे, पण घाई नाही.