पाकशाहांगच्या टाकीची राखणदार

आमच्या पाकशाहांग गावाच्या पाण्याच्या टाकीची मापपट्टी उलटी आहे. वजन खाली आलं की टाकी भरली, वजन वर चढलं की पाणी संपत आलं. बाहेरचा माणूस हमखास फसतो. सरकारी पाणी-कचेरीतला एक साहेब मोटारीतून न उतरताच म्हणाला होता, "अरे वा, वजन पार टोकाला! काठोकाठ दिसतेय." आत तेव्हा बेडकाला बुडायला पाणी नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, उतरा. पाय धुवायला पाणी निघालं, तर फान युंग हे नाव बदलतो." उतरला नाही. अशांना काच खाली करायलाही कष्ट पडतात.

यात विद्या काही नाही. आत एक बंद डबा तरंगतो, त्याची तार कप्पीवरून बाहेर येते आणि टोकाला लाल वजन लोंबतं. डबा वर, वजन खाली. आमच्या पोरांना हे बाराखडीच्या आधी कळतं. पण ती पट्टी वाचायला सगळ्यात आधी शिकली ती चुंग ख्युक-मोई काकू. टाकी बांधायची ठरली तेव्हा गावातले पुरुष जागेवरून भांडत होते. काकूने आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून वरच्या टेकाडाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तिथे बांधा. चुलीपुढून मला दिसली पाहिजे. तुमच्यातला कोण दिवसभर तिच्याकडे बघत बसणार आहे?" बांधली तिथेच.

काकू डोंगरापलीकडून लग्न होऊन आली तेव्हा खांद्यावर कावड घेऊन ओढ्यावरून पाणी आणत असे. उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा खाली आहे. टाकीची राखण कागदोपत्री नवऱ्याकडे होती, काम हिच्याकडे. तो बिचारा वजन बघता बघता घोरायचा. तो गेल्यावर पाणीमंडळाचे प्रमुख फातकाका म्हणाले, "टाकीची किल्ली आता एखाद्या पुरुषाकडे द्यावी." काकू म्हणाली, "द्या ना. पहाटे चार वाजता झडपेत अडकलेला पाला काढायला तोच जाईल ना? नाव सांगा त्याचं." नाव कुणाचंच निघालं नाही. किल्ली काकूच्या कमरेला राहिली.

ही गोष्ट घडली त्या वर्षी एकही वादळ आमच्याकडे वळलं नाही. लोक वादळाला शिव्या देतात, पण टाकी भरणारा आमचा झरा त्याच्या पावसावरच जगतो. पर्सिमन वाळवायला वारा भरपूर होता, फळं चामड्यासारखी सुंदर सुकली, आणि झराही तसाच सुकला. कचेरीने ठरवलं की डोंगरातल्या सगळ्या छोट्या टाक्या ठेकेदाराकडे द्यायच्या. तो टँकर आणणार, कुलूप त्याचं, नळाची वेळ तो ठरवणार. मी पाट्या रंगवल्या. शाळा मी सहावीतच सोडलेली, पण पाटीवरची माझी अक्षरं कचेरीतल्या कारकुनाला दुसऱ्या मजल्यावरून वाचता येतात. तीन वेळा कचेरीच्या दारात धरणं धरून बसलो. शेवटी त्यांनी एक वाट दिली. पायथ्याच्या बोअरवर मोटार बसेल, टाकीत यंत्र बसेल, पाणी कमी झालं की यंत्र मोटार सुरू करेल. चांद्र नववर्षापर्यंत चाचणी. पास झाली तर टाकी गावाची. नापास झाली तर ठेकेदाराची.

यंत्र बसवायला वेन नावाचा इंजिनिअर आला. पोरगेलासा, बुटांना चिखल लागलेला. कचेरीच्या माणसाच्या बुटाला चिखल मी पहिल्यांदाच पाहिला, तरी लगेच विरघळलो नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने वाटीएवढा सेन्सर खाली तोंड करून बसवला.

"हा खाली आवाज सोडतो," तो म्हणाला. "आवाज पाण्यावर आपटून परत येतो. लवकर आला की पाणी जवळ, उशिरा आला की पाणी लांब."

"म्हणजे विहिरीत हाक मारून बघतात तसं," काकू म्हणाली.

"अगदी तसंच, आजी."

"मग माझ्या वजनाचं काय?"

"ते नियमाप्रमाणे काढायला हवं."

"तुझा नियम म्हातारा झाला की काढू," काकू म्हणाली. तो हसला आणि वजन राहिलं.

आता हिरव्या पाकिटाचं. आमच्याकडे कुठलंही यंत्र मक्याच्या कुरकुऱ्यांच्या हिरव्या पाकिटाशिवाय कामाला लागत नाही. पाकिटावरच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. दवाखान्यातल्या यंत्रावर ते असतं, बँकेतल्या यंत्रावर असतं. हिरवंच लागतं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. तारीख उलटलेली चालत नाही आणि ते खायचं तर अजिबात नाही. यावर कोण हसतो ते मला दाखवा, मग त्याच्या मोटारीत काय काय लटकवलंय ते मी दाखवतो.

काकूने पाकीट आणलं नसतं तरच नवल. पण टाकीवर माकडं येतात. बाहेर ठेवलं तर दुपारपर्यंत फस्त. म्हणून तिने झाकण उघडून सेन्सरच्या शेजारच्या खिळ्याला सुतळीने पाकीट आत बांधलं आणि झाकण लावलं. कुणाला सांगितलं नाही. देवाला केलेला नवस कुणी चावडीवर वाचून दाखवतं का?

यंत्र महिनाभर खरंच शहाण्यासारखं वागलं. मग नववर्ष तोंडावर आलं. शहरातली पोरं सुना-नातवंडं घेऊन यायला लागली. घरोघरी गोड पानासाठी, म्हणजे आमच्याकडच्या तांदळाच्या उकडलेल्या वडीसाठी, चिकट तांदूळ भिजले. आणि त्याच सकाळी नळाला आधी फुसफुस, मग खोकला, मग काहीच नाही.

माझ्या फोनवर यंत्राचा आकडा होता : टाकी जवळजवळ भरलेली. मी पेटलो. वेनला फोन लावला आणि चाळीस घरांना ऐकू जाईल असा बोललो. "तुमचं यंत्र खोटारडं आहे! टाकी भरलीय म्हणतंय आणि इथे तोंड धुवायला पाणी नाही! हे मुद्दाम केलंय, ठेकेदाराचं घर भरायला. वर या, नाहीतर मी खाली येतो, आणि मी एकटा येत नसतो." तो म्हणाला, "निघालोच, तासाभरात पोचतो." माझा राग अर्धा बोलून व्हायच्या आत माणूस कबूल झाला की मला फार त्रास होतो.

काकूने मात्र उजाडतानाच खिडकीतून बघितलं होतं. लाल वजन पार वर. यंत्र म्हणतंय भरली, पट्टी म्हणतेय रिकामी. फातकाका अंगणातून ओरडले, "अगं, तुझी तार अडकली असेल! जुनं लोखंड ते!" काकू म्हणाली, "माझी तार कधी खोटं बोलली नाही. जुनं लोखंड तर तुम्हीपण आहात." आणि टेकाड चढायला लागली. मी मागे.

वर तिने झाकण उचललं, आत बघितलं आणि बाजूला झाली. मी डोकावलो. ओलाव्याने सुतळी सैल पडली होती. पाकीट सरकून बरोबर सेन्सरच्या तोंडासमोर लोंबत होतं. खाली खोल तळाशी वीतभर पाणी. यंत्र बिचारं हाक मारत होतं आणि पाकिटावरून आपटून हाक लगेच परत येत होती. त्याला वाटलं, पाणी इथेच आहे. मोटार कशाला सुरू करा?

काकूने पाकीट सोडवलं. मोटार खाली गुरगुरली. पाइपातून पाणी यायला लागलं.

"पिशवीत टाक," मी हळूच म्हटलं.

"काय?"

"पाकीट. कुणी बघितलेलं नाही. यंत्र बिघडलं होतं, आपोआप सुधारलं. आपण म्हणू नवीन यंत्र द्या, चाचणी वाढवा. कचेरी आपल्याशी कधी खरं बोलली?"

"युंग्या," ती म्हणाली, "कचेरी खोटं बोलते म्हणून तू एवढा ओरडतोस. मग आता कुणाच्या दारात बसून ओरडशील? माझ्या?"

"काकू, टाकी जाईल!"

"जाईल तर जाईल. पण खोटं बोलून राखली असं नको व्हायला."

मला तिचं पटलं नव्हतं. आमच्यासारख्यांनी प्रत्येक वेळी खरं बोलावं आणि वरच्यांनी सोयीने, हा हिशेब मला आजही मान्य नाही. पण टाकी तिची होती, मी फक्त पाट्या रंगवतो.

आम्ही उतरलो तोवर वेन पोचला होता आणि अर्धं गाव काकूच्या अंगणात गोळा झालं होतं. काकूने पाकीट त्याच्यासमोर धरलं. "यंत्र खोटं नाही. त्याच्या तोंडासमोर मी हे बांधलं. त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं."

कुणी हसलं, कुणी कपाळावर हात मारला. वेनने पाकीट घेतलं, उलटं केलं, तारीख बघितली. "मुदतीतलं आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "मग हे असं का वागलं?"

"चेष्टा करतोस?"

"नाही आजी. माझ्या खोलीतल्या यंत्रावर दोन आहेत. फक्त बाहेर."

"तुझ्या खोलीत माकडं नसतील."

"आहेत, पण ती पगार घेतात."

हशा पिकला. फातकाका हसले नाहीत. "हसण्यावारी नेऊ नका," ते म्हणाले. "गावाची टाकी हिच्या नवसापायी जाणार होती. साहेब, चाचणी नापास ना?"

काकूने कमरेची किल्ली सोडली आणि ओट्यावर ठेवली. कुणी मागितली नव्हती. "चूक माझी," ती म्हणाली. "टाकी जाऊ देऊ नका. पाहिजे तर मला बदला."

वेन म्हणाला, "यंत्राचा आकडा आणि टाकीतलं पाणी यांच्यात फरक पडला, तर चाचणीत एकच गोष्ट बघायची असते. कारण सापडलं का. आज ते सापडलं, म्हणून चाचणी पास. सापडलं नसतं तर मी यंत्र काढून नेलं असतं, आणि बिनयंत्राची टाकी सरळ ठेकेदाराकडे." माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी पायाखालची माती बघत बसलो. काकूने माझ्याकडे बघितलंदेखील नाही, हे तिचे उपकार.

"दुसरं," वेन म्हणाला, "खालच्या गावांत जुन्या पट्ट्या मीच काढायला लावल्या. तिथे असं झालं तर कळणार कुणाला? इथे पहाटेच कळलं. तुमचं वजन ठेवायचं, आणि आत एक साधा तरंगता खटकाही बसवू. पाणी तळाला गेलं की सेन्सर काही म्हणो, मोटार सुरू. हे मी वर सांगणार आहे. ऐकावं लागेल त्यांना."

"नाही ऐकलं तर मी आहे," मी म्हटलं.

"तुम्ही आहात हे त्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच मला पाठवतात."

लोक फातकाकांकडे बघायला लागले. त्यांच्या सुनेने मागून म्हटलं, "बाबा, तांदूळ आंबतील." त्यांनी ओट्यावरची किल्ली उचलली आणि काकूपुढे केली. "धर बाई. झडप उघड. नववर्षाला पान नाही झालं तर माझी नातवंडं मला खातील."

"अशी नाही घेणार," काकू म्हणाली. "एकटीने राखली म्हणून एकटीने चुकले. विचारायला शेजारी कुणी नव्हतं. दोघं शिकायला द्या. तुमची सून पाहिजे मला, तिचे डोळे चांगले आहेत."

सून लाजली नाही, चप्पल घालून पुढे आली. "आणि दुसरं कोण?" फातकाकांनी विचारलं.

काकूने माझ्याकडे हनुवटी केली. "हा. याचा आवाज डोंगरापलीकडे जातो, पण टाकीच्या झाकणाचं वजन याला माहीत नाही. चल युंग्या, आधी झडप. मग वर जाऊन सेन्सरचं तोंड पुसायचंय, कोरड्या फडक्याने, आणि तोंडातून एक शब्द न काढता."

सून पुढे, काकू मधे, मी शेवटी. फडकं माझ्याच हातात होतं.