आम्ही आमचा पाळक निवडला

लग्न होऊन मी गोंदियाला आले तेव्हा मोठी लढाई नुकतीच संपली होती. माझं माहेर नागपूरचं. वडील मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे, आणि घरात कुणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर त्यांचा घास हातातच थांबायचा. इकडे आमचे हे रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते आणि सासूबाई सुईण. मी त्यांना आई म्हणायचे. लाइनीपलीकडच्या आमच्या वस्तीत त्यांचा दरारा मोठा होता. त्या रस्त्यात दिसल्या की ठाणेदारसुद्धा सायकलवरून उतरायचा, कारण त्याची सगळी मुलं त्यांच्या हातावर जन्मलेली.

आमची बाप्तिस्त मंडळी लहान, पण भाषा अनेक. रेल्वेबरोबर आलेली तेलुगू घरं होती, छत्तीसगडची माणसं होती, गावातल्या गिरणीत आणि बिडीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या हिंदी बोलणाऱ्या बाया होत्या, आणि सौंदडकडच्या खेड्यांतली झाडीपट्टीतली माणसं होती. ती छोट्या लाइनीच्या गाडीने महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. प्रभूची प्रार्थना सगळे आपापल्या भाषेत एकदम म्हणायचे. पहिल्या रविवारी तो गलबला ऐकून मला रडू आलं. हे म्हणाले, “काऊन रडून राहिली?” मी म्हटलं, “काही नाही, डोळ्यात गेलं.” त्या गर्दीत माझ्या वडिलांसारखी मराठी बोलणारं एकही माणूस नव्हतं.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हातारे होते; सगळे त्यांना म्हातारबाबा म्हणायचे. मंडळीतल्या बहुतेकांना त्यांनीच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिलेला, बहुतेकांची लग्नं त्यांनीच लावलेली. त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते. तरी ते हाताने बाक चाचपत वेदीपर्यंत जायचे, बायबलातला शास्त्रपाठ तोंडपाठ म्हणायचे आणि खोकल्यावरून माणूस ओळखायचे. पावसाळ्यातल्या एका रविवारी उपदेश संपल्यावर ते खाली उतरलेच नाहीत. म्हणाले, “मला आता पुस्तक दिसत नाही आणि तुमची तोंडंही दिसत नाहीत. जे पाठ आहे तेच फिरवून फिरवून सांगतोय. तुम्ही भले लोक, म्हणून बोलत नाही. आता दुसरा पाळक शोधा.”

बायांनी पदर डोळ्यांना लावले. आई मागून मोठ्याने म्हणाल्या, “आमाले चालते जी तेच तेच!” पण म्हातारबाबांनी मान हलवली.

आधी पाळक नेमायचं काम मिशनच्या साहेबांकडे असायचं. पण साहेब स्वतःच मायदेशी जायला निघाले होते. त्यांनी दोन माणसं सुचवली आणि सांगितलं, “मंडळी तुमची आहे. दोघांना बोलवा, ऐका आणि तुम्हीच निवडा. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचं मत घ्या, बायांचंही.” लोक एकमेकांकडे बघायला लागले. आजवर कुणी आम्हाला काही निवडायला सांगितलं नव्हतं. मग चार जणांची कमिटी झाली. तिचे प्रमुख रेल्वेतले एक गार्डसाहेब होते. मिशा पिळलेल्या, कोट कडक, वेळेचे पक्के. आणि आईंना कमिटीत घेतलं, कारण त्यांना वगळल्याचं त्यांना सांगायला जाणार कोण?

पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था आमच्याकडे आली. त्यामुळे दोन्ही उमेदवार मी आधी चुलीपाशी बसून पाहिले.

पहिले आले ते रायपूरकडचे. भारदस्त माणूस, आवाज असा की आमच्या प्रार्थनामंदिराची कौलं हलावीत. हिंदीत उपदेश केला, मध्येच पेटी ओढून घेऊन स्वतः भजन गायले. रेल्वेचे लोक खूश झाले. गार्डसाहेब तर म्हणाले, “बस, हो गया काम.” दुपारी ते आमच्याकडे जेवायला बसले. भात, लाखोळीची डाळ आणि वांग्यात घातलेली चिंगरी, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, होती. मनापासून जेवले. वाढता वाढता आईंनी विचारलं, “खेड्यातले लोक दर आठवड्याले येऊ नाही शकत. तुमी जाल का जी त्यायच्याकडं?”

“वे लोग यहाँ आएँ माताजी,” ते हसून म्हणाले. “मंदिर तो यहीं है न।”

“खा जी,” आई म्हणाल्या आणि भाताचा आणखी एक डाव वाढला. ते गेल्यावर ताट उचलताना मला म्हणाल्या, “माणूस वाईट नाही. पण बसून राहणारा हाय.”

दुसरे नागपूरकडचे निघाले. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने काटकुळे, चष्मा नाकावरून घसरणारा. ते वेदीवर उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले तशी मी ताठ बसले. अगदी माझ्या वडिलांची मराठी! प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. हरवलेल्या मेंढराचा उपदेश होता. मला त्यात मेंढरू कमी आणि माहेरचा ओटा जास्त दिसत होता. मी मनातल्या मनात त्यांना मत देऊन टाकलं.

उपासना सुटली. दारात सौंदडकडच्या खेड्यातली एक म्हातारी बसली होती. ढिवराच्या घरची, नवरा मेलेला, तलावात मासे धरून आणि शिंगाडे काढून पोट भरायची. तिचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. आईंनी तिला विचारलं, “कसा वाटला वो?”

“लय चांगला बोलला बाई,” म्हातारी म्हणाली. “समजलं काहीच नाही.”

हे पाळक नेमके तिच्या मागे उभे होते. मी तर शरमेने अर्धी झाले. त्यांचा चेहराही उतरला. जेवताना चिंगरीचं वांगं त्यांना तिखट लागलं हे दिसत होतं, पण पाणी पीत पीत संपवलं. हात धुतल्यावर आईंना म्हणाले, “त्या आजी कुठल्या गावच्या? मला तिकडे नेऊ शकाल का?”

पुढच्याच आठवड्यात त्या गावातल्या काही जणांचा बाप्तिस्मा ठरलेला होता. म्हातारबाबांनी शेवटचा म्हणून तो स्वतः द्यायचं कबूल केलं होतं. त्यामुळे तयारीसाठी आई आणि मी आधीच जाऊन राहणार होतो. पाहुणेही आमच्याबरोबर छोट्या लाइनीच्या गाडीत चढले. धान कापून झाला होता, खळ्यांवर बैल फिरत होते. त्या गावात ते आठवडाभर राहिले. सकाळी कुणाच्या खळ्यावर, दुपारी कुणाच्या ओसरीत. लोकांचं बोलणं ऐकायचे आणि मध्येच थांबवून विचारायचे. “ ‘कायले’ म्हणजे ‘कशाला’, ना? आणि ‘काऊन’?” बाया तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मुद्दाम अवघड अवघड बोलायच्या. संध्याकाळी ओसरीत बसून ते हरवलेल्या मेंढराची गोष्ट पुन्हा सांगायचे, रोज थोडी वेगळी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मेंढराची बकरी झाली. मग ती बकरी धानाच्या बांधीत शिरली, आणि लोक पुढे सरकून बसायला लागले. मला मात्र थोडं वाईट वाटत होतं. माझी मराठी बोलणारा एक माणूस आला होता, तोही डोळ्यांदेखत हातातून चालला होता.

बाप्तिस्मा गावच्या तलावात व्हायचा. तो तलाव तिथल्या पाटलांच्या पूर्वजांनी बांधलेला. पाटील हिंदू, वयाने म्हातारबाबांएवढेच. दर वेळी त्यांची परवानगी विचारायची आणि दर वेळी ते तेच सांगायचे, “पाणी साऱ्यायचं हाय. शिंगाड्याचे वेल तेवढे नका तुडवू.” आणि स्वतः येऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसायचे, कारण म्हातारबाबांशी त्यांची जुनी दोस्ती होती.

त्या सकाळी थंडी होती, पाण्यावर वाफ होती. म्हातारबाबा आदल्या दिवशीच गाडीने येऊन पोचले होते. पांढरा झगा घालून ते तयार झाले. त्यांचा हात धरून पाण्यात नेण्याचं काम नव्या पाहुण्यांवर आलं. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “ताई, पाणी किती खोल असेल?”

“छातीएवढं.”

“माझ्या छातीएवढं की त्यांच्या?”

मला आधी हसू आलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. त्यांना पोहता येत नव्हतं. विहिरीच्या गावात वाढलेले, स्वतःचा बाप्तिस्माही मंदिरातल्या सिमेंटच्या हौदात झालेला. आईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “मग नको उतरू गा. दुसरा कोणी नेईन त्यायले.”

“त्यांनी माझा हात मागितलाय,” ते म्हणाले. “आता कसा काढून घेऊ?”

दोघे उतरले. एकाला दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला पाण्याची भीती. गंमत अशी की तळ म्हातारबाबांना पाठ होता. “इथं दगड आहे, डावीकडून चला,” असं तेच सांगत होते. पाळीवरून पाटील ओरडत होते, “उजवीकडं नका जाऊ जी, गाळ हाय तिकडं!” बाप्तिस्मा घेणाऱ्यांत ती ढिवरीण म्हातारी पहिली, ती त्यांच्यामागोमाग पाण्यात शिरली. छातीएवढ्या पाण्यात तिघं पोचले, आणि नव्या पाहुण्यांचा पाय उजवीकडच्या गाळात गेला. एक ‘अरे’ ऐकू आलं. मग चष्मा पाण्यावर, आणि माणूस पाण्याखाली.

म्हातारबाबांनी चाचपून हात खाली घातला. कुणाची तरी मान हाती लागली. त्यांना वाटलं, म्हातारीच पुढे आली. एवढ्या वर्षांची सवय. त्यांनी ती मान घट्ट धरली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, “पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा...” आणि वर येऊ पाहणाऱ्या माणसाला पुन्हा पाण्यात दाबलं.

“तो नाही जी! तो नाही!” पाळीवरून सगळे ओरडले. म्हातारीने पुढे होऊन नव्या पाहुण्यांना दंडाला धरून एका हिसक्यात वर काढलं, मासा काढावा तसं.

“कोण आहे?” म्हातारबाबा म्हणाले.

“मी आहे,” खोकत खोकत उत्तर आलं. “माझा झालाय आधीच.”

“दोनदा झाला म्हणून बिघडत नाही,” म्हातारबाबा म्हणाले. आणि पहिले पाटील हसले. मग सगळी पाळ हसायला लागली. म्हातारबाबा हसले, म्हातारी हसली, आणि नाकातोंडात पाणी गेलेला तो माणूसही, तिचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून. पण ते बाहेर आले नाहीत. सगळ्यांचा बाप्तिस्मा होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले, थरथरत, म्हातारबाबांच्या पाठीला हात लावून. मी पाळीवर उभी राहून हे पाहत होते, आणि आठवडाभराचं माझं वाईट वाटणं कुठे गेलं ते मला कळलंच नाही.

पुढच्या रविवारी गोंदियाला मतदान झालं. गार्डसाहेब उभे राहिले. म्हणाले, “देखिए, आदमी शरीफ है। लेकिन पूरे गाँव के सामने डूब गया। लोग क्या कहेंगे? मंडली की भी कुछ इज्जत है।” बरेच जण मान हलवत होते. रायपूरकरांचा आवाज अजून लोकांच्या कानांत होता.

आई उठल्या. “पडला तं पडला. पाण्याले भेत होता हे मले ठाऊक होतं. तरी उतरला. अन् पडल्यावर पळून नाही गेला. आमच्या हातावर जे लेकरू जन्मते, ते आधी गटांगळी खाऊनच रडते.” मागे कुणीतरी खुसखुसलं.

तेवढ्यात ती ढिवरीण म्हातारी उभी राहिली. त्याच आठवड्यात मंडळीत आलेली, मत द्यायला म्हणून एकटी गाडीत बसून आलेली. गार्डसाहेबांनी तिला समजावणीच्या सुरात विचारलं, “लेकिन अम्मा, तुमको तो उनकी बात समझती नहीं थी?”

“आता समजून राहिली,” ती म्हणाली. “अन् पोहायले मी शिकवीन.”

हात वर करायचं ठरलं होतं. पण म्हातारबाबा म्हणाले, “हात मला दिसणार नाहीत. ज्यांना नागपूरचे हवेत त्यांनी उभं राहा, मला ऐकू येईल.” एक बाक करकरला. मग दुसरा. मग एकदम इतके बाक सरकले की म्हातारबाबांनी हात वर करून “पुरे, पुरे” म्हटलं. शेवटी गार्डसाहेबही कोट झटकत उभे राहिले. त्यांनीच पुढे नव्या पाळकांना घ्यायला स्टेशनवर जायचा मान मागून घेतला.

पाळक आले ते बायकोला घेऊन. पोहायला ते कधीच नीट शिकले नाहीत. म्हातारीने दोन उन्हाळे प्रयत्न केला आणि सोडून दिला. पण पाण्यात उभं राहायला शिकले, आणि तेवढं पुरलं. म्हातारबाबांना त्यांनी स्वतःच्याच घरात ठेवून घेतलं. देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यातही ते होते, पडवीतल्या बाजेवर.

पाळकबाई माझ्या वयाच्या, माझ्याच भागातल्या. दुपारी त्या म्हातारबाबांना शास्त्र वाचून दाखवायच्या. मी सूप घेऊन तिथे जाऊन बसायचे. त्यांच्या तोंडून माझ्या वडिलांची मराठी ऐकत तांदूळ निवडायचे, आणि निवडून झाले की सूप हलवून पुन्हा सुरुवातीपासून निवडायचे. घरी गेल्यावर आई सुपाकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “इतकुशा तांदळाले एवढा वेळ लागते का वो?”