पाणीदराच्या सुनावणीत उभी राहणारी सुलभा

सुलभा आज सकाळी गेली, आणि पाणीखात्यातल्या दोन-चार साहेबांना हायसं वाटलं असेल.

वाटू दे.

मी चौथी नापास बाई. नातीने फोनवर मराठी करून दिलंय, एका बोटाने लिहितेय. ज्यांना चुका काढायच्या असतील त्यांनी सुलभाच्या दारात येऊन चपला नीट लावाव्यात. तेवढं काम आहे इथे.

कोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये ती वरच्या मजल्यावर, मी खाली. लग्न केलं नाही तिने. रिटायर होईपर्यंत पाणीखात्यात अकाउंट्सला होती.

खातं सरकारी.
"म्हणजे आपलंच," ती म्हणायची. "आपलं म्हणून तर विचारायचं, काकू."

तीन वर्षांपूर्वी खात्याला पाण्याचे दर वाढवून हवे होते. ते आपल्या मनाने वाढवता येत नाहीत. दर ठरवणारं मंडळ वेगळं असतं. ते आधी लोकांच्या लेखी हरकती घेतं, मग सुनावणी ठेवतं.

हे मला सुलभाने सांगितलं. तोपर्यंत मला वाटायचं, बिल देवच पाठवतो.

आम्ही बायका कामाला लागलो. सोसायटीच्या सेक्रेटरीने झकास अर्ज टाईप केला. त्याच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीने खाली सही केली. चाळीस अर्ज!
गठ्ठा घेऊन मीच मंडळाच्या ऑफिसात गेले. काय ती ऐट माझी.

सुलभा तेव्हा भावाकडे गेलेली. आली, माझ्या हातातली पोचपावती बघितली आणि कपाळावर हात मारला.

"काकू, काय केलंत हे? सगळ्यांचा मजकूर एकच. त्यांनी एकच हरकत धरली. चाळीस बायकांची एक बाई करून टाकलीत!"

"मग आता गं?"

"उद्या शेवटचा दिवस. बोलवा सगळ्यांना जिन्यात. जिने तिने आपल्या हाताने, आपल्या घरचं लिहायचं."

बसल्या जिन्यात. समोरची मंदा म्हणाली, "ताई, माझं अक्षर म्हणजे मुंग्या."
"मुंग्या चालतील. झेरॉक्स नको."

एकीने पानभर जावेची तक्रार लिहिली. सुलभाने तीही घेतली. म्हणाली, "ह्यात पाण्याची एक ओळ आहे, पुरे."

सुनावणी ठाण्याला. मोठा हॉल, पुढे मंडळाचे अध्यक्ष, बाजूला खात्याचे साहेब. साहेबांनी पडद्यावर तोटा दाखवला. एवढा तोटा, की मलाच त्यांची दया आली.

सुलभा उठली.
"गळतीचं पाणी कुठे दाखवलंय?"

साहेब कागद उलटत बसले. हिला पान पाठ. फुटक्या पाईपातून वाहून जाणारं पाणीही खर्चात धरून त्यांनी दर मागितला होता. म्हणजे पाईप त्यांनी दुरुस्त करायचा नाही, आणि वाहिलेल्या पाण्याचं बिल आपण भरायचं.

तेव्हा एक साहेब हसत म्हणाला, "मॅडम, तुमची पेन्शन पण ह्याच खात्यातून येते हं."

मला वाटलं, बसली ही आता खाली.

"येते ना," सुलभा म्हणाली. "ती काम केल्याची येते. गप्प बसायची नाही."

मग माझं नाव पुकारलं. कागद माझा होता, माझ्याच हातचा. वाचला.

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाईप फुटलाय. त्यावर रोज रिक्षा धुतात. आमच्या नळाला मात्र अर्धा तास पाणी. त्या रिक्षांच्या आंघोळीचे पैसे मी का द्यायचे?"

लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी गल्लीचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

माझ्या मागून एकेक बाई उठली. मुंग्यावाली मंदासुद्धा.

दर वाढलेच. उगाच जिंकलो म्हणणार नाही. पण गळतीचा भाग मंडळाने कापला. आधी पाईप दुरुस्त करा, मग मागा, असं आदेशात आलं. सुलभाने तो आदेश मला दोनदा वाचून दाखवला. मी म्हटलं, तिसऱ्यांदा वाच.

त्याचं तिने काय भोगलं ते पण लिहिते.

खात्यातल्या रिटायर लोकांची दरवर्षी सहल निघते. त्या वर्षी हिला फोनच आला नाही. मला म्हणते, "बरं झालं काकू, नाहीतरी मला बस लागते."
तिची भरलेली बॅग मी दाराआड बघितली होती.

तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन वर गेले. जेवली.

आता खात्याने परत दर वाढवून मागितलेत. पुढच्या आठवड्यात सुनावणी. पंधरा दिवस ही पडल्या पडल्या मला आकडे समजावत होती. मी म्हणायची, "अगं, आधी औषध घे." म्हणायची, "औषध नंतर. हे पान बघा."

काल संध्याकाळी सगळी पानं संपली. माझ्याकडून सगळं परत वदवून घेतलं तिने, शाळेतल्यासारखं. दोन ठिकाणी चुकले तर रागावली.

आज तिच्या खात्यातला एक जुना सोबती आला होता. हार घातला, म्हणाला, "सुटली बिचारी."

मी म्हटलं, "बिचारी कोणाला म्हणता?"

तो हळूच विचारतो, "काकू, आता सुनावणीला तुमच्याकडून कोण येणार?"

म्हटलं, "खुर्च्या जास्त मांडा."

सुलभा, नीट जा गं बाई.
खालच्या मजल्यावरच्या काकूचा तुला शेवटचा नमस्कार.