खाली झोपून करायची सही

तात्यांची आणि माझी ओळख पायांपासून सुरू झाली. पहिले चार दिवस मी त्यांचं तोंड पाहिलंच नव्हतं. ऑफिसच्या खिडकीतून दिसायचे ते ट्रेलरखालून बाहेर आलेले दोन पाय: मळका लेंगा, टायरच्या चपला आणि भेगाळलेल्या टाचा. पाय हलायचे नाहीत. मधेच लोखंडावर लोखंड वाजल्याचा टण् असा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टण्. मला वाटलं, म्हातारा सावलीला झोपतो आणि मालकिणीला ऐकू जावं म्हणून अधूनमधून हातोडी मारतो. पाचव्या दिवशी मी तरातरा गेले आणि त्या पायांशी उभी राहून विचारलं, "झोप झाली का?"

खालून आवाज आला, "न्हाय अजून. मागची चाकं ऱ्हायल्यात. आन् वैनी, तुमची डावी चप्पल टाचंला झिजलीय. बदला."

म्हणजे त्यांनीही माझं तोंड पाहिलं नव्हतं. आमचं बरोबरीनं चाललं होतं.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. बारामतीच्या एमआयडीसीजवळ आमच्या घरधन्याचं ट्रान्स्पोर्टचं यार्ड होतं, तीन ट्रेलर होते. इथल्या कारखान्यांत कंटेनर भरायचा आणि खंडाळ्याचा घाट उतरून न्हावाशेवाच्या बंदरात पोचवायचा, हा धंदा. ह्यांची पाठ धरली, डॉक्टरांनी तीन महिने फळीवर आडवं राहायला सांगितलं आणि खुर्ची रिकामी झाली. मी तेव्हा चाळिशीची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? 'प्रोप्रायटर' अशी पाटी करून आणली, काळा गॉगल घेतला आणि टेबलावर वाजवायची घंटा ठेवली. घंटा वाजवली की यायला शिपाई नव्हता, ते मागाहून लक्षात आलं. मग मीच घंटा वाजवायचे आणि मीच उठून बघायचे.

तात्या मूळचे इंदापूर तालुक्यातल्या सणसरचे. वडिलांची मेंढरं होती, मेंढरांचा वाडा, म्हणजे सगळा तळ, घेऊन कोकणापर्यंत फिरलेलं घराणं. मेंढरं विकली, थोडा ऊस लावला आणि तात्या तरुणपणीच लोखंडाच्या कामाला लागले. पण डोळा मेंढपाळाचाच राहिला. माणूस आला की आधी त्याचे पाय बघायचे, मग तोंड. ट्रेलरचंही तेच. मी एकदा म्हटलं, "तात्या, ड्रायव्हर सांगतोय गाडी ठीक आहे, मग कशाला खाली शिरता?" तर म्हणाले, "मेंढरू कवा बोलतं का, माझा पाय दुखतोय म्हणून? पाय उचलूनच बघावा लागतो."

बंदराच्या फाटकावर तेव्हा तपासणी कडक झाली होती. ब्रेक, टायर, मागचे दिवे आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे लॉक. ज्यांनी कंटेनरचा ट्रेलर जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांवर मुठीएवढे चार लोखंडी खुंट असतात. कंटेनर वर ठेवला की ते त्याच्या तळाच्या भोकांत शिरतात आणि दांडी फिरवली की अडकून बसतात. एवढा मोठा डबा ट्रेलरवर राहतो तो ह्या चार मुठींच्या जोरावर. एक जरी सुटली तर घाटातल्या वळणावर डबा कलतो आणि मग ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. म्हणून आमच्याकडे नियम होता: प्रत्येक फेरीआधी तपासणीचा कागद भरायचा, खाली तपासणाऱ्याची सही, आणि तो कागद ड्रायव्हरच्या खिशात. सही तात्यांची. चौथीपर्यंतची शाळा, एकेक अक्षर वाफा ओढावा तसं ओढायचे.

मला ती सही फार नडायची. कारखान्यातून फोन, एजंटाचा फोन, आणि इकडे तात्या टण् करून कान लावून बसलेले. "तात्या, हा ट्रेलर कालच बघितला होता ना?"

"काल बघितला, त्यो कालच्याला."

मग मी अक्कल चालवली. वीस कोरे कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, सवडीनं सह्या करून ठेवा, म्हणजे ऐनवेळी खोळंबा नको. तात्यांनी कागद नीट जुळवून माझ्या टेबलावर परत ठेवले, वर घंटा ठेवली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

"ही सही खुर्चीत बसून हुत न्हाय, वैनी. खाली झोपून करायची असती."

मी घंटा वाजवली. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं.

दसरा आला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तात्या गावी निघाले. जाताना त्यांनी तिसऱ्या ट्रेलरच्या मागच्या डाव्या लॉकभोवती खडूनं ठसठशीत गोल काढला आणि मला हाताला धरून नेल्यासारखं तिथे नेलं. लॉकच्या मानेला केसाएवढी चीर होती. मला आधी दिसलीच नाही. दिसली तेव्हा हसू आलं.

"तात्या, बाकीचे तीन तर धड आहेत."

"तीन पाय धड आसलेल्या मेंढराला आमी लंगडंच म्हणतो. ह्ये बदलल्याबिगर ह्याच्यावर डबा ठेवायचा न्हाय." आणि गेले.

खंडेनवमीला आपल्याकडे गाडी धुतात, हार घालतात, कुंकू लावतात. मी तेवढ्यावर थांबणारी नव्हते. फोटोग्राफर बोलावला होता. यार्डात उभा असलेला तो तिसरा ट्रेलर अंगभर लाल ऑइलपेंटनं रंगवून घेतला. रंगाऱ्यानं विचारलं, "बाई, हे कोपऱ्यातले खुंट पण?" म्हटलं, "सगळं. खडूचे फराटे फोटोत दिसायला नकोत." तो फोटो अजून माझ्याकडे आहे. गॉगल लावून मी ट्रेलरला टेकून उभी आहे, आणि पदराला लाल रंग लागलाय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कारखान्यातून निरोप आला: कंटेनर भरलाय, बोट चुकता कामा नये. दोन ट्रेलर आधीच रस्त्यावर होते. उरला लाल. ड्रायव्हर नामदेव, कोऱ्हाळ्याचा, गाडी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, कागद?" तात्या अजून यायचे होते. ती वेडीवाकडी अक्षरं मी शंभरदा पाहिली होती. मी खुर्चीत बसून, जीभ बाहेर काढून, ती हुबेहूब ओढली. खरं सांगते, सही इतकी छान जमली म्हणून मला आनंदच झाला. नामदेवनं कागद खिशात घातला, कारखान्यात डबा चढवला आणि पुण्याच्या रस्त्याला लागला.

दहाच्या सुमाराला तात्या एसटीतून उतरून आले. यार्ड रिकामं. जमिनीवर लाल थेंबांची लांबट चौकट तेवढी उमटलेली. तात्या त्या चौकटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"माझा गोल?"

"रंगात गेला," मी म्हटलं.

"डबा भरलेला हाय?"

"हो."

त्यांनी पिशवी खाली टाकली आणि हातोडी उचलली. तेव्हा खिशात फोन नव्हते. नामदेव जेवायला चौफुल्याच्या पुढच्या ढाब्यावर थांबतो, एवढं ठाऊक होतं. यार्डात ह्यांची जीप होती आणि चालवायला मी. मी गाडी शिकून तेव्हा दीड महिना झाला होता. एवढ्या घाईतही तात्या जीपच्या चारी चाकांना लाथ मारून आले, मग शेजारी बसले आणि म्हणाले, "गाडी बरी हाय. बाकीचं तुमच्यावर."

पाटसपर्यंत मी दोन सायकलवाल्यांना आणि एका उसाच्या बैलगाडीला रस्त्याखाली उतरवलं. तात्या समोरची दांडी धरून बसले होते. एकदाच म्हणाले, "वैनी, नामदेवाला गाठायचाय. त्याच्या आदी आपुन जायचं न्हाय." मला घाट दिसत होता. घाटातलं वळण, लाल ट्रेलर आणि माझ्या हातची ती सुरेख सही.

ढाब्यासमोर ट्रेलर उभा दिसला तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. नामदेव बाजेवर बसून भाकरी मोडत होता. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. "वैनी, तुमी हितं? घरी कुणाला काय झालं का?"

"अजून न्हाय," तात्या म्हणाले. "तू जेव."

ते सरळ मागच्या डाव्या कोपऱ्याकडे गेले. हातोडी एकदा मारली. टण् झालंच नाही, मडकं वाजावं तसं वाजलं. दुसऱ्यांदा मारली, तेव्हा रंगाचा पापुद्रा निघाला आणि दांडीसकट तो खुंटाचा तुकडा खाली पडला, दुधाचा दात पडावा तसा. तात्यांनी तो उचलून लेंग्याला पुसला आणि नामदेवच्या बाजेवर, ताटाशेजारी ठेवला.

"रंग मात्र चांगला बसलाय," म्हणाले.

नामदेवनं तुकडा उलटून पाहिला. मग हात धुतले, खिशातून कागद काढला. "तात्या, ह्याच्यावर तुमची सही हाय."

तात्यांनी कागद घेतला, लांब धरून पाहिला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. हातोडी मारल्यावर कान देऊन थांबायचे ना, अगदी तसे. 'माझी नाही', एवढं म्हणायला त्यांना किती वेळ लागला असता?

"ती मी केली," मी म्हटलं. "खुर्चीत बसून."

नामदेव चिडला नाही. एवढंच म्हणाला, "वैनी, माजी पोरगी चार म्हयन्यांची हाय."



पुण्याहून नवा लॉक आणून बसवीपर्यंत दिवस गेला. बोट चुकली. कारखान्यातल्या साहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं, चूक माझी. घरी ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाठ धरलेल्या माणसाला कूस बदलायला बराच वेळ लागतो, तेवढा वेळ मी उभीच होते.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, तात्या येणार नाहीत. आले. एक पोतं घेऊन आले आणि ते ट्रेलरखाली अंथरलं. "या," म्हणाले. मी पदर खोचला, गॉगल काढून ठेवला आणि आडवी झाले. वरून एवढा झकपक दिसणारा ट्रेलर खालून किती गरीब असतो, ते मला तिथे कळलं. ब्रेकच्या नळ्या, गंज, चिखल, कुठे गळणारं तेल. तात्या हातोडी मारायचे आणि विचारायचे, "काय म्हणतंय?" मी म्हणायचे, "टण् म्हणतंय." "अजून ऐका." महिनाभरानं मला धड लोखंड आणि तडकलेलं लोखंड ह्यातला फरक ऐकू यायला लागला. घंटा मी त्याच सुमाराला घरी नेऊन देवघरात ठेवली. तिथे तिचं ऐकणारा कुणीतरी होता.

नामदेवनं त्यानंतर कागदावर कधी भरवसा ठेवला नाही. निघताना सही करणाऱ्याला म्हणायचा, "पाठ दाखवा." पाठीला माती असली तरच गाडी हलायची. मालकीण असून मी त्याच्यापुढे मुकाट वळून उभी राहायचे. बाकीचे दोन ड्रायव्हरही मग तसंच करायला लागले.

ह्यांची पाठ बरी झाली तरी यार्ड माझ्याकडेच राहिलं. चार-पाच वर्षांनी तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कोल्ह्याची शेपटी आणि केसाएवढी चीर त्यांना सारखीच दिसायला लागली, असं तेच म्हणायचे. कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः कागद भरला नाही. मी खाली शिरले, चौदा चाकं, चार लॉक, सगळं पाहिलं आणि तिथेच, आडवी पडून, माझी स्वतःची सही केली. पलीकडे तात्यांच्या टायरच्या चपला दिसत होत्या. ते माझ्या पायांशी वाकून उभे होते.

"वैनी."

"काय, तात्या?"

"डावी झिजलीय."

माझी चालच डावीकडे कलती आहे, त्याला मी काय करू.

नंतर एकदा मी त्यांना भेटायला सणसरला गेले. तोवर त्यांना अगदीच दिसेनासं झालं होतं. घरापुढे बाजेवर बसले होते. मी अंगणातून चालत गेले, एक शब्द न बोलता, गंमत करायची म्हणून.

"या, वैनी," ते म्हणाले. "चप्पल बदलली न्हवं?"

"बदलली की, तात्या. कालच."

त्यांनी मान तिरकी केली.

"ह्ये खुर्चीत बसून बोललात," म्हणाले आणि हसले.

दुसऱ्या दिवशी मी बारामतीच्या बाजारात जाऊन नव्या चपला घेतल्या. त्या घालून सणसरला जायचं ठरवलं होतं. त्याआधीच नामदेव तात्या गेल्याचा निरोप घेऊन आला.

आता चप्पल घ्यायला गेले की दुकानात मी चार पावलं चालते, थांबते आणि कान देते. पुन्हा चार पावलं चालते. दुकानदार मोठ्यानं विचारतो, "आजी, ऐकायला कमी येतं का?" त्याला काय सांगायचं. मी म्हणते, "येतंय हो. डावी अजून बोलली नाही."