दोघींचं एक तिकीट

नाशिकहून सुरगाण्याच्या बाजूला रोज अपडाऊन करणाऱ्या आम्ही दोघी. शाळाही दोनच शिक्षिकांची, एक ती आणि एक मी. सकाळी निमाणी स्टँडवर बस धरायची, जागा मिळेल तिथे बसायचं आणि तिकीट एकीनेच दोघींचं काढायचं. आज तिने, उद्या मी. कंडक्टर जवळ आला की दुसरीने नुसतं बोट दाखवायचं, "तिकडे झालं." रोजच्या बायका सगळ्या हेच करतात. आपल्या वाटचं तिकीट आपल्याच हातात हवं, हे एवढ्या वर्षांत कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

त्या दिवशी पाळी तिची होती. ती पुढे बसली, मी मागे खिडकीशी. दिंडोरी गेल्यावर तिला घरून फोन आला, सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. वणीला ती धडपडत उतरली. खालून माझ्या खिडकीवर थाप मारून म्हणाली, "शाळा सांभाळ गं." मी म्हटलं, "जा तू, काळजी करू नकोस." तिकीट तिच्या पर्समध्ये गेलं आणि आम्हा दोघींनाही त्याची आठवण झाली नाही.

घाटात तपासणीवाल्यांची जीप आडवी उभी होती. दोघे जण चढले. माझ्यापाशी आल्यावर मी सवयीने बोट पुढे केलं, "तिकडे झालं." पुढे तिच्या जागेवर नागलीचं गाठोडं मांडीवर घेऊन एक म्हातारबाबा बसले होते.

"बाबांचं झालंय," तपासनीस म्हणाले. "तुमचं?"

मी सगळं सांगितलं. फोन लावायला गेले तर घाटात कुठली आलीय रेंज! कंडक्टर पोरसवदा होता, नुकताच लागलेला. तो म्हणाला, "दिलं असेल साहेब. बाई रोजच्या हायेत."

"असेल?" माझं डोकंच फिरलं. "अरे, तिच्या हातात दिलंस ना तू! असेल काय असेल?"

तपासनीस माणूस शांत. असल्या शांत माणसांचा मला भयंकर राग येतो. त्यांनी समजावून सांगितलं, "मॅडम, दोनच गोष्टी होऊ शकतात. तुम्ही पैसे दिले नसतील तर दंड भरा. दिले असतील आणि तिकीट मिळालं नसेल, तर तसा जबाब द्या. मग याच्याकडे आम्ही बघतो."

"आणि तिसरी? तिकीट दिलं आणि ते वणीला उतरलं?"

"मग ते दाखवा."

अख्खी बस माझ्याकडे बघत होती. त्यात माझ्या वर्गातल्या दोन पोरांच्या आयाही होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, भरा न् मोकळ्या व्हा. लय उशीर व्हतोय." भरायचे म्हटले तर पर्समध्ये पैसे होते. पण माझे वडील मनमाडला रेल्वेत होते आणि आमच्या घरात एकवेळ शिवी चालायची, 'फुकट्या' हा शब्द चालत नसे. तो वडिलांच्या लेखी चोराच्याही खालचा. मी ठणकावून सांगितलं, "दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. मी भरणार नाही." मग त्यांनी माझं नाव लिहून घेतलं, शाळेचंही घेतलं आणि नाशिकच्या ऑफिसात येऊन काय ते सांगा म्हणाले. उतरताना कंडक्टर माझ्या मागे दारापर्यंत आला. "बाई, पैसे दिले असं मात्र लिहू नका हां. मी अजून पक्का नाय झालो. घरी बसवतील मला."

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तिकिटाचं विचारल्यावर म्हणाली, "अय्या, ते मी स्टँडवरच फेकलं."

"बरं, मग एवढंच लिहून दे, की मी वणीला उतरले आणि दोघींचं तिकीट माझ्याकडे होतं."

ती हळूच म्हणाली, "वेडी आहेस का तू? मी आज शाळेत होते."

हजेरीवर ती शाळेतच असणार होती. एक अडकली की दुसरीने दोन्ही वर्ग सांभाळायचे आणि अडकलेलीने दुसऱ्या दिवशी येऊन सही करायची, हेही आमचं ठरलेलंच. माझ्या लेकीला डेंग्यू झाला तेव्हा तिने माझे वर्ग सांभाळलेच होते की. तिने वणीचं नाव काढलं असतं तर दोघींच्याही नोकरीवर आलं असतं. तिच्यावर चिडायचं तरी कोणत्या तोंडाने? तरी चिडले. फोन आपटला आणि नवऱ्यावर खेकसले, त्याचा काही संबंध नसताना.

मग लक्षात आलं की आपण पुरत्या अडकलोय. पैसे दिले होते म्हणून जितकं ओरडून सांगावं, तितका त्या पोराच्या गळ्याचा फास आवळला जाणार. कारण पैसे दिलेत आणि तिकीट नाही, म्हणजे त्यानेच खाल्ले. ज्याने आपल्याला तिकीट दिलं त्यालाच चोर ठरवायचं? आणि नाही ठरवला तर चोर मी. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ती अशी. भाजीत मीठ घातलं की नाही तेही मला आठवेनासं झालं होतं.

ऑफिसात जायच्या दिवशी रिक्षात माझं ठरलं. जाऊ दे. मी म्हणेन तिकीट काढलं नव्हतं. एका पोराची नोकरी वाचत असेल तर वाचू दे. खोटं कशाला सांगू, मला त्यात बरंही वाटत होतं. मनातल्या मनात स्वतःला हार घालूनच मी जिना चढले.

साहेबांनी आधी कंडक्टरला बोलावलं. तो माझ्या शेजारीच उभा राहिला, पण नजर भिंतीवर.

"बोल रे. काय झालं होतं?"

"बाईंनी तिकीट काढलंच नव्हतं साहेब. मी विचारलं, तर 'झालं' म्हणाल्या. बाईमाणूस, त्यात शिक्षिका. मी कशाला संशय घेऊ?"

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. हरामखोरा! मी तुला वाचवायला आले आणि तू मलाच बुडवतोस? मी बोलणं आधीच ठरवून आले होते, ते हेच. पण मी म्हटलं असतं तर तो माझा मोठेपणा होता. तो म्हणाला आणि मी फुकटी झाले. 'खोटं बोलतोय हा, याने तिकीट दिलं होतं,' हे वाक्य अगदी ओठांवर आलं. पण लगेच पुढचा प्रश्न दिसला. कुणाच्या हातात दिलं? त्या मॅडमचं नाव काय? त्या कुठे उतरल्या?

"मॅडम, तुम्हाला काही म्हणायचंय?"

मी त्या पोराकडे पाहिलं. त्याच्या कानामागून घामाची धार चालली होती.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे त्याचं."

त्यांनी कागद पुढे सरकवला. मी विनातिकीट प्रवास केला, हे मी फळ्यावर लिहिते तशा सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि दंड भरला. साहेबांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. मला बसायला सांगितलं, चहा मागवू का विचारलं.

"खरं सांगू का मॅडम? इथे येतो तो प्रत्येक जण भांडतो. तुमच्यासारखं सरळ, खरं लिहून देणारं कुणी भेटत नाही. मुलांनाही हेच शिकवा."

"थँक्यू सर," मी म्हणाले.